अडीच की साडेतीन? : जर्मनीत भाषा शिकताना होणाऱ्या फजित्या

पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मन भाषेच्या वर्गांना जाणाऱ्यांत आता व्यापारी घरांतील मुलामुलींची संख्याही लक्षणीय दिसते. कोणाला यंत्रनिर्मिती शिकावयाची असते, कोणाला वस्त्रतंत्र, तर कोणाला व्यवस्थापन. ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांपैकी दोन-तीन पायऱ्या येथेच चढून मुले विमानात बसतात आणि उरलेल्या पायऱ्या तेथील भाषावर्गात चढावयाच्या ठरवतात. घरच्यांचीही समजूत असते की प्रमाणपत्र मिळाले म्हणजे भाषा आली. मात्र प्रमाणपत्रातील भाषा सावकाश बोलते आणि वाक्य संपेपर्यंत थांबते. फलाटावरच्या ध्वनिक्षेपकाला, बेकरीतल्या बाईंना किंवा घरमालकाला तेवढी सवड नसते. पहिल्या सहा महिन्यांतल्या बहुतेक फजित्या या दोन भाषांमधल्या अंतरातून जन्माला येतात.

या फजित्या ऐकताना हसू येते, आणि यावे. परंतु त्यांतल्या काहींची किंमत युरोंत मोजावी लागते, काहींची आरोग्यात आणि काहींची व्रतनियमांत. म्हणूनच मुलगा किंवा मुलगी निघण्यापूर्वी त्या घरातल्या सर्वांनी जाणून घेतलेल्या बऱ्या.

घड्याळ आणि आकडे

पहिली ठेच बहुधा घड्याळाशी लागते. जर्मन मनुष्य 'हाल्ब द्राय' म्हणतो. 'हाल्ब' म्हणजे अर्धा, 'द्राय' म्हणजे तीन. इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी 'हाफ पास्ट थ्री' असा अर्थ लावतो आणि खोली पाहावयास साडेतीनला पोचतो. वेळ दिलेली असते अडीचची. तिसरा तास अर्धा झाला, असा त्या शब्दांचा अर्थ. तासाभराच्या उशिराने खोली दुसऱ्याला गेलेली असते, आणि मोठ्या शहरांत खोली मिळणे आधीच दुष्कर.

गंमत अशी की या हिशेबाची किल्ली विद्यार्थ्याच्या मातृभाषेतच आहे. आपला 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' आणि प्राकृत 'अड्ढाइज्ज' या वाटेने आला. त्याचाही अर्थ 'तिसरा अर्धा' असाच. ज्या घरात अढाई द्वीपाचे वर्णन लहानपणापासून कानावर पडले आहे, तेथील मुलाला 'हाल्ब द्राय' परके वाटण्याचे कारणच नाही. पूर्व जर्मनीच्या काही भागांत तर याच्याही पुढे जाऊन 'द्रायफिर्टेल द्राय' म्हणतात. शब्दशः 'पाऊण तीन', म्हणजे नेमके पावणेतीन. आठवड्याला 'आठ दिवस' म्हणण्याची पद्धतही दोन्ही भाषांत आहे. पंधरवड्याला मात्र जर्मन 'चौदा दिवस' म्हणतो.

आकड्यांचेही तसेच. पंचेचाळीसला जर्मनमध्ये 'फ्युन्फ उंट फिर्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'पाच आणि चाळीस'. आधी एकक, मग दशक. इंग्रजीतून ऐकणारा पाच ऐकताच पाच लिहितो, मग चार लिहितो, आणि दूरध्वनी क्रमांकात ४५ च्या जागी ५४ पडतात. मराठीत ऐकणाऱ्याला अडचण नाही, कारण पंचेचाळीसमध्येही पाच आधीच येतो. सावध राहावे ते फक्त एकोणिसाच्या घराण्यात. मराठी एकोणतीस तिसातून एक वजा करते, जर्मन मात्र 'नऊ आणि वीस' असे सरळ मोजते.

लिहिलेला आकडाही फसवतो. जर्मन मनुष्य हजाराच्या जागी टिंब देतो आणि अपूर्णांकाच्या जागी स्वल्पविराम. १.२०० युरो म्हणजे बाराशे युरो, आणि १,५ म्हणजे दीड. हाताने लिहिलेला एकचा आकडा डोक्यावरच्या लांब तिरप्या रेघेमुळे सातासारखा दिसतो; सातावर म्हणूनच मध्ये आडवी रेघ मारतात. खतावणी सांभाळणाऱ्या घरातील मुलाला या गोष्टी एकदाच सांगितल्या तरी पुरतात, फक्त त्या कोणी तरी सांगाव्या लागतात.

इंग्रजीचा फसवा पूल

जर्मन आणि इंग्रजी या सख्ख्या नात्यातल्या भाषा. त्यामुळे इंग्रजी येणाऱ्याला जर्मन अर्धी आलीच, असा भ्रम लवकर होतो. 'गिफ्ट' हा शब्द जर्मनमध्येही आहे, पण त्याचा अर्थ विष. यजमानांच्या घरी मिठाईचा डबा पुढे करून 'तुमच्यासाठी छोटे गिफ्ट आणले आहे' असे म्हणणाऱ्या पाहुण्याकडे घरची माणसे क्षणभर चमकून पाहतात. 'बेकॉमेन' हे क्रियापद इंग्रजी 'बिकम'सारखे दिसते, पण त्याचा अर्थ होणे नसून मिळणे आहे. वर्गात एखादी विद्यार्थिनी 'मला अभियंता व्हायचे आहे' असे सांगू पाहते आणि प्रत्यक्षात 'मला एक अभियंता मिळवायचा आहे' असे बोलून जाते. वर्ग हसतो. घरी आजीने ऐकले असते तर स्थळांची चौकशी सुरू झाली असती.

हे विनोदावर निभावते. व्यवहारातले शब्द निभावत नाहीत. 'रेंटे' म्हणजे भाडे नव्हे, निवृत्तिवेतन. भाड्याला 'मीटे' म्हणतात, आणि त्यातही 'थंड' भाडे व 'गरम' भाडे असे दोन प्रकार असतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचे. गरम म्हणजे त्यात तापविण्याचा व इतर सामाईक खर्च मिळवून होणारे. जाहिरातीतला थंड आकडा पाहून महिन्याचा हिशेब मांडणाऱ्याचे गणित पहिल्याच महिन्यात कोलमडते. 'काउत्सिओन' म्हणजे सावधगिरी नव्हे, अनामत. 'प्रोव्हिजिओन' म्हणजे तरतूद नव्हे, दलाली. आणि 'एव्हेंटुएल' हा तर सर्वांत लबाड शब्द. इंग्रजी कानाला त्यात 'शेवटी होईलच' असे आश्वासन ऐकू येते. जर्मन मनुष्य म्हणत असतो 'कदाचित'. खोली 'एव्हेंटुएल' मिळेल, एवढ्यावर जुनी खोली सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याला मित्रांच्या जमिनीवर अंथरूण पसरावे लागते.

मातृभाषेचा पूल त्या मानाने अधिक पक्का आहे. जर्मनमध्ये आदरार्थी 'झी' आणि जवळिकीचा 'दू' असे दोन संबोध आहेत. इंग्रजीतून विचार करणारा प्राध्यापकांना 'दू' म्हणून मोकळा होतो. तुम्ही आणि तू यांतले अंतर जाणणाऱ्या मराठी मुलाने ही चूक करण्याचे काहीच कारण नाही. लिंगांचेही तसेच. मार्क ट्वेनने १८८० मध्ये जर्मन भाषेची थट्टा करणारा प्रसिद्ध निबंध लिहिला. मुलीला नपुंसकलिंग आणि सलगमाला स्त्रीलिंग, याचे त्याला नवल वाटले. मराठी माणसाने नवल का करावे? 'मेडशेन' म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे, कारण त्याच्या शेवटी लहानपण दाखविणारा प्रत्यय आहे. मराठीतले लेकरू, वासरू, कोकरू हेही नपुंसकलिंगीच.

ताटावरची भाषा

जैन घरातील विद्यार्थ्याची खरी परीक्षा मात्र वर्गात होत नाही, ती उपाहारगृहात आणि किराणा दुकानात होते. 'मी शाकाहारी आहे' हे वाक्य तो पहिल्याच दिवशी पाठ करतो आणि निर्धास्त होतो. पण त्या शब्दाची तेथील व्याप्ती वेगळी आहे. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका अंडे वगळतो. जर्मनीत 'वेगेटारिश' म्हटलेल्या पदार्थात अंडे खुशाल असू शकते. दक्षिणेकडचा 'श्पेट्सले' हा शेवयांसारखा पदार्थ तर अंड्यावाचून होतच नाही. 'वेगान' लिहिलेल्या पदार्थात अंडे नसते, पण दूध-तूपही नसते, आणि कांदा, लसूण, बटाटा यांची तर कोठल्याच चिन्हाला फिकीर नसते.

दुसरी चूक 'फ्लाइश नको', म्हणजे मांस नको, एवढेच सांगण्याची. काही स्वयंपाक्यांच्या लेखी हॅमचे बारीक तुकडे ही नुसती चव असते, आणि काही जण मासळीला मांसात धरत नाहीत. भाजीचे सूप मागितले तर त्यात भाजीच असते, परंतु ते हाडामांसाच्या अर्कात, 'ब्र्यूऽ'मध्ये, शिजविलेले असू शकते. म्हणून प्रश्न एकच असू नये. मांस, मासळी, अंडे आणि सूपाचा अर्क या चारही गोष्टी स्वतंत्र विचाराव्यात.

पाकिटावरची यादी वाचण्याचीही एक विद्या आहे. २०१४ च्या अखेरीपासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार ॲलर्जी करणारे चौदा घटक यादीत ठळकपणे दाखवावे लागतात. अंडे, दूध व मासळी त्यांत येतात, त्यामुळे ती चटकन दिसतात. मात्र जिलेटिन, डुकराची चरबी म्हणजे 'श्माल्ट्स' आणि चीजमध्ये वापरले जाणारे 'लाब' हे त्या चौदांत नाहीत. ते साध्या अक्षरांत, ओळींच्या गर्दीत लपलेले असतात. ठळक शब्द तेवढे वाचून निश्चिंत होणारा येथेच फसतो. गोड रबरी गोळ्या, काही प्रकारचे दही, दक्षिणेकडील काही ब्रेत्सेल ही अशी ठिकाणे होत. लाब सूक्ष्मजीवांपासून केलेले असेल तर बहुधा तसे नमूद केलेले असते. हे सहा-सात शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणे व्याकरणाच्या एका धड्याहून अधिक मोलाचे ठरते.

चौविहार पाळणाऱ्याला आकाशही नवी भाषा शिकवते. बर्लिनमध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच. हिवाळ्यात तासिका संपण्यापूर्वी सूर्यास्त होऊन गेलेला असतो. अशा वेळी 'मी संध्याकाळी जेवत नाही' असे मोघम सांगितले तर सहाध्यायांना ते वजन घटविण्याचे पथ्य वाटते. 'सूर्य मावळल्यावर जेवत नाही, हा आमच्या धर्माचा नियम आहे' हे पूर्ण वाक्य येत असले की गैरसमज उरत नाही. उलट दुपारची सुट्टी थोडी पुढेमागे करून देणारे शिक्षकही भेटतात.

पोट भरल्यावरची फजिती आणखी निराळी. 'पोट भरले' याचे सरळ भाषांतर करून विद्यार्थी 'इश बिन फोल' म्हणतो. बोलीत त्याचा अर्थ होतो 'मला चढली आहे'. जन्मात मद्याला न शिवलेल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य ऐकून यजमान हसतात आणि पाण्याचा पेला पुढे करतात. याच्या उलट गोष्ट दवाखान्यात घडते. रक्त तपासण्यापूर्वी डॉक्टर विचारतात, 'न्युष्टर्न आहात ना?' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: नशेत नसलेला आणि उपाशीपोटी असलेला. पहिलाच अर्थ ठाऊक असलेला विद्यार्थी किंचित दुखावून 'मी कधीच पीत नाही' असे बाणेदारपणे सांगतो. सकाळी भरपेट न्याहारी केलेली असते, आणि तपासणीचे आकडे चुकीचे निघतात.

आग्रह आणि 'डांके'

मराठी, गुजराती किंवा मारवाडी घरात पहिल्या वाढीला 'नको' म्हणणे ही सभ्यता आहे. यजमान दुसऱ्यांदा आग्रह करणार, तिसऱ्यांदा वाढणार, हे गृहीत असते. जर्मन यजमान 'नको' हा शब्द प्रामाणिकपणे घेतात आणि भांडे उचलून नेतात. त्यातच 'डांके' या शब्दाची मेख आहे. डांके म्हणजे आभार. पण 'आणखी घ्याल का?' या प्रश्नावर नुसते 'डांके' म्हटले तर त्याचा अर्थ 'नको, आभारी आहे' असा होतो. हवे असेल तर 'बिटे' म्हणावे लागते. सभ्यतेपायी अर्धपोटी परतलेले पाहुणे या एका शब्दाचे बळी असतात.

हाच शब्द उपाहारगृहात खिशाला चाट लावतो. बिल तेरा युरोंचे असते, विद्यार्थी वीसची नोट देताना सवयीने 'डांके' म्हणतो, आणि वाढपी मनापासून आभार मानून निघून जातो. पैसे देताना म्हटलेल्या 'डांके'चा अर्थ तेथे 'उरलेले ठेवा' असा घेतला जातो. सात युरो गेले, पण शब्द कायमचा लक्षात राहिला.

दुकानात याच्या उलट होते. ६० सेंटची पाण्याची बाटली गल्ल्यावर ८५ सेंटला पडते आणि विद्यार्थी तोडक्यामोडक्या भाषेत हुज्जत घालतो. मागे रांग खोळंबते. ते वरचे २५ सेंट म्हणजे 'प्फांट'. बाटली परत केली की तेवढे पैसे परत मिळतात. पुन्हा भरून वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर ही रक्कम साधारण ८ किंवा १५ सेंट असते. प्फांट या शब्दाचा मूळ अर्थच गहाण. पेढीवर वाढलेल्या मुलाला एवढे सांगितले की बाकीचे सांगावे लागत नाही.

उच्चारांचेही सापळे आहेत. 'त्सालेन' म्हणजे पैसे देणे, 'त्सेलेन' म्हणजे मोजणे. 'किर्शे' म्हणजे चेरी, आणि जवळपास तसाच ऐकू येणारा 'किर्शऽ' म्हणजे चर्च. 'उमफारेन' या एकाच शब्दात आघात मागच्या भागावर दिला तर वळसा घालून जाणे, आणि पहिल्या 'उम'वर दिला तर धडक देऊन पाडणे. रस्त्यातल्या जीवाला वाचवून पुढे गेलो, असे सांगू पाहणारा सायकलस्वार आघात चुकवून हिंसेची कबुली देऊन बसतो.

न समजता दिलेला होकार

या साऱ्या फजित्यांत सर्वांत महाग पडणारी फजिती शब्दाची नसतेच. ती असते मान डोलविण्याची. समोरचा भराभर बोलतो, पुन्हा विचारण्याची लाज वाटते, आणि विद्यार्थी हसून 'या, या' म्हणत राहतो. जर्मन मनुष्य तो होकार खरा मानतो. फलाटावर सांगितलेले असते की गाडी पुढच्या स्थानकावर दुभंगणार आहे आणि मागचा अर्धा भाग दुसऱ्या गावी जाणार आहे. 'या, या' म्हणून मागच्याच डब्यात बसलेला मुलगा तासाभराने भलत्याच गावी उतरतो. तिकीट काढले, पण ते यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा असतो हे सांगितलेले कळले नाही, तर तपासनिसाच्या लेखी तो विनातिकीटच. त्याचा दंड ६० युरो.

टपालाचेही तसेच. पत्रपेटीवर नाव नसेल तर टपाल येत नाही. आणि नव्या घरात राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद सरकारी कार्यालयात करावी लागते. ती केली की नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र येते. २०२१ पासून ती दर घरामागे दरमहा १८.३६ युरो आहे. एकत्र राहणाऱ्यांनी मिळून ती एकदाच भरायची असते. घरात दूरचित्रवाणी संच नाही, म्हणून पत्र जाहिरात समजून केरात टाकणाऱ्याला पुढे 'मानुंग' येते, म्हणजे तगाद्याचे पत्र, आणि रकमेवर अधिभार चढतो. समजले नाही तरी पत्र जपून ठेवावे आणि कोणाकडून तरी वाचून घ्यावे, हा नियम पेढीवरच्या कोणत्याही जाणत्या माणसाने हेच सांगितले असते.

यावर उपाय दोन शब्दांचा आहे: 'व्ही बिटे?' म्हणजे 'काय म्हणालात?' हे विचारण्यात कमीपणा नाही. न वाचता हुंडीवर सही करू नये हे ज्या घरात लहान मुलालाही शिकवले जाते, तेथील मुलाने न समजलेल्या वाक्याला होकार का द्यावा? ऐकलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे, वेळ आकड्यांत लिहून घ्यावी, करारनाम्यावर सही करण्यापूर्वी एक रात्र मागून घ्यावी. जर्मन मनुष्याला यात वावगे वाटत नाही. नेमकेपणाची त्याला ओढच असते.

घरच्यांचाही यात वाटा आहे. भारत आणि जर्मनी यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे बदलतात, आणि त्या दिवशी फोनची वाट पाहत बसलेली आजी हमखास काळजीत पडते. फोन आल्यावर बहुधा पहिला प्रश्न असतो जेवणाचा आणि दुसरा परीक्षेचा. फजितीबद्दल मुले बोलत नाहीत. खर्च वाया गेला असे वडिलांना वाटेल, ही भीती असते. सात युरोंची किंवा साठ युरोंची चूक ज्या घरात हसून ऐकली जाते, तेथील मूल सहाशेची चूक होण्याआधी विचारते. ज्या घरात पहिल्याच चुकीला बोल लावला जातो, तेथे पुढच्या चुका फोनवर येत नाहीत.

शिवाय या भाषेशी जैन समाजाचे एक जुने नाते आहे. हेर्मान याकोबी हे जर्मन पंडित १८७३-७४ च्या सुमारास राजस्थानातील ग्रंथभांडारे पाहावयास आले. आचारांग आणि कल्पसूत्र यांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. रिशार्ड पिशेल यांचे प्राकृत भाषांचे मोठे व्याकरण १९०० मध्ये मूळ जर्मनमध्ये निघाले, आणि वाल्टर शुब्रिंग यांचा जैन सिद्धान्तावरील ग्रंथ १९३५ मध्ये, तोही जर्मनमध्येच. अर्धमागधीचे लिंग, वचन, विभक्ती शिकताना या पंडितांनीही किती वेळा चुकीचा शब्द उच्चारला असेल, किती वेळा पुन्हा विचारले असेल, याची नोंद नाही. पण विचारल्यावाचून ते ग्रंथ झाले नसते. बॉनमध्ये किंवा हॅम्बुर्गमध्ये आज भाषावर्गात बसलेल्या मुलीने शिक्षकांना तिसऱ्यांदा 'व्ही बिटे?' म्हणावे, आणि संध्याकाळी घरी फोन करून ते सांगावेही.